वागळे इस्टेटमधला मोजमापाचा वीकेंड क्लास: सकाळला पाच स्टार, दुपारला अडीच

सरळ सांगते, जा. पण जेवणानंतरच्या सेशनला पेंगू नका, कारण सकाळी जे इतकं छान शिकवतात त्याच्यावर दुपारी स्वतःच पाणी ओततात. नाव टाकत नाहीये, खाली कुरकुर पण केलीये आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातली ही इंडस्ट्री एवढीशी आहे की उद्या कॅलिब्रेशनला परत त्यांच्याच दारात जायचंय. ज्यांना माहितीये त्यांना दोन ओळीत कळेलच.

मी रबाळे एमआयडीसीत क्वालिटी बघते, टर्निंग-ग्राइंडिंगचं छोटं युनिट, पिना, बुश, शाफ्ट असली कामं. आमच्याकडे बारमाही भांडण एकच, फर्स्ट शिफ्टवाला ट्रे ओके करून जातो, सेकंड शिफ्टवाला तोच ट्रे रिजेक्ट करतो, सेटर म्हणतो मशीन टकाटक आहे तुमची मापं बघा, आणि शेवटी सगळे क्वालिटीकडे बोट दाखवतात. जीआरआर (मापातला किती घोळ यंत्राचा आणि माणसांचा, ते टक्क्यात काढायची तपासणी) आम्ही करतोच, दहा जॉब, तीन माणसं, प्रत्येकी दोन-तीन रीडिंग, दहा टक्क्यांच्या आत आलं की फाइलला लावायचं, तीसच्या वर गेलं की बोंब. पण बहुतेक युनिटमधे त्या रिपोर्टचा शेवटचा टक्का तेवढा वाचला जातो आणि "ह्या दोघांत नक्की फरक आहे का, आणि असला तर तो कुठल्या जातीचा" हा साधा प्रश्न तसाच राहतो. त्यासाठी हा क्लास, दोन ऑपरेटरची मापं जोडीजोडीने ताडून बघायची टेस्ट, म्हणजे पेअर्ड टी-टेस्ट.

आधी सकाळचं, कारण पैसे तिथेच वसूल होतात.

सर आल्या आल्या फळ्याकडे गेलेच नाहीत. प्रत्येक जोडीला एक डिजिटल मायक्रोमीटर, लीस्ट काउंट (दाखवतो ते सगळ्यात बारीक माप) एक मायक्रॉन, म्हणजे एमएमचा हजारावा भाग, आणि १२ एमएमच्या दहा पिना, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) प्लस-मायनस १० मायक्रॉन, चांगल्या आणि रिजेक्ट मुद्दाम मिसळलेल्या. पिनेच्या तोंडावर मार्करने नंबर आणि बॉडीवर एक बारीकशी रेघ, माप तिथेच घ्यायचं. ही रेघ का, तर पिनेला टेपर असतो (एका टोकाला बारीक), ओव्हॅलिटी असते (पूर्ण गोल नसते), एकाने मधे मोजलं आणि दुसऱ्याने टोकाला तर ती दोन माणसांची तुलना राहत नाही, पिनेच्याच दोन जागांची होते. नंबरांचा क्रम चिठ्ठ्या काढून, आणि एकाचा कागद दुसऱ्याला दिसता कामा नये. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण आपल्याकडे पहिल्याने १२.००४ लिहिलेलं दिसलं की दुसऱ्याच्या मायक्रोमीटरवर आपोआप १२.००४ च येतं, काय ती अॅक्युरसी!

मग एक गोष्ट सांगितली जी इतकी वर्ष ह्या लाइनमधे असून मला कोणी अशी आकडे घालून सांगितली नव्हती. मापाचं रेफरन्स टेंपरेचर २० डिग्री. स्टील एका मीटरला एका डिग्रीमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं, म्हणजे १२ एमएमची पिन १० डिग्री तापली तर दीडेक मायक्रॉन फुगते. आता पहिल्या ऑपरेटरने पिना मुठीत धरून मोजल्या आणि लगेच दुसऱ्याकडे सरकवल्या तर दुसऱ्याला दरवेळी किंचित गरम पिन मिळणार आणि तो बिचारा दरवेळी किंचित जास्त मोजणार. ह्यात माणसाचा काही दोष नाही, दोष क्रमाचा. म्हणून अर्ध्या पिना आधी ह्याने, अर्ध्या आधी त्याने, आणि मधे पिना ग्रॅनाइटच्या टेबलावर पडू द्यायच्या. लॅबला एसी आहे, व्यवस्थित आहे, शाल घेऊन जा हवं तर.

जोडीने का ताडायचं हे सरांनी ज्या पद्धतीने समजावलं ते मी आता आमच्या पोरांना तसंच सांगते. दोन भाजीवाल्यांचे काटे तपासायचे तर एकाकडे भोपळा आणि दुसऱ्याकडे कोथिंबीर तोलून काय कळणार, तोच भोपळा दोन्ही काट्यांवर ठेवायचा आणि फरक बघायचा. बस. भोपळा किती मोठा हा प्रश्नच गळून पडतो. पेअर्ड टेस्टमधे तेच होतं, दहा पिनांचे दहा फरक काढायचे आणि त्यानंतर मूळ मापं बाजूला ठेवायची, सगळा हिशोब फक्त फरकांवर.

आमच्या शेजारच्या जोडीचे फरक मी उतरवून घेतले होते, पहिला वजा दुसरा, मायक्रॉनमधे: ३, २, ४, १, ३, २, ५, २, ३, १. सरासरी २.६. फरकांचा स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे ते सरासरीभोवती किती पसरलेत ते, १.२६ च्या आसपास, त्याला दहाच्या वर्गमुळाने भागलं की ०.४, आणि २.६ भागिले ०.४ म्हणजे टी आला साडेसहा. दहा जोड्या म्हणजे डिग्रीज ऑफ फ्रीडम (जोड्या वजा एक) ९, टेबलमधे पाच टक्क्याला, दोन्ही बाजू धरून, हद्द २.२६२, टी तिच्या वर गेला की फरक आहे म्हणायचं. साडेसहा म्हणजे विषयच संपला, फरक आहे. आता हेच आकडे जोड्या मोडून, दोन वेगळे ढीग समजून टेस्ट केले तर? पिना मिसळलेल्या, त्यांचा आपापसातला स्टँडर्ड डेव्हिएशन सातेक मायक्रॉन, त्या गोंधळात २.६ बुडून जातो आणि टी येतो ०.८ च्या आसपास, म्हणजे काहीच सापडलं नाही. आकडे तेच, माणसं तीच, फक्त जोडी तोडली.

ह्याला कॅल्क्युलेटर सुद्धा लागत नाही तसं बघितलं तर. दहाच्या दहा फरक एकाच बाजूचे आहेत, दोघं खरंच सारखे असते तर अधिक-उणे नाणेफेकीसारखं पडलं असतं, दहाही एकाच बाजूला पडायची शक्यता १०२४ मधे २. ह्याला साइन टेस्ट म्हणतात, आणि माझ्या मते शॉप फ्लोअरवर हीच लावावी, सुपरवायझरला उभ्या उभ्या कळते.

मधे इतिहासाची दहा-पंधरा मिनिटं होती, मला वाटलं झालं आता झोप, पण मजेशीर निघाली. ही टी-टेस्ट काढली गॉसेट नावाच्या माणसाने, डब्लिनच्या गिनेस ब्रूअरीत कामाला होता, म्हणजे बीअरवाला. कंपनी स्वतःच्या नावाने छापू देत नव्हती म्हणून १९०८ साली ‘स्टुडंट’ ह्या टोपणनावाने बायोमेट्रिका ह्या जर्नलमधे पेपर छापला. त्यात उदाहरण घेतलंय ते झोपेच्या औषधाचं, दहा पेशंट, दोन औषधं, प्रत्येकाला दोन्ही देऊन किती तास झोप वाढली. हाच डेटा आज आर ह्या फुकट सॉफ्टवेअरमधे ‘स्लीप’ नावाने भरलेला असतो, सरांनी प्रोजेक्टरवर लावून दाखवला. जोडीने केलं तर सरासरी फरक १.५८ तास, टी ४.०६, पी (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा जास्त फरक दिसायची शक्यता) ०.००२८. जोडी मोडून केलं तर पी ०.०७९, म्हणजे पाच टक्क्याची रेघ धरणारा म्हणणार काही सिद्ध झालं नाही. मागच्या बाकावर एक रिटायरमेंटला आलेले काका होते ते जोरात म्हणाले, "म्हणजे शंभर वर्षांपूर्वी बीअरवाल्याला कळलं ते आमच्या ऑडिटरला अजून कळेना", आणि सगळा वर्ग फुटला.

इथपर्यंत पाच स्टार. सहा असते तर सहा.

जेवण: पुलाव कोरडा, ताक चांगलं. बाहेर पडून खायचं तर वागळेत टपऱ्या ढीगभर आहेत पण वीकेंडला अर्ध्या बंद. येतानाच स्टेशनजवळ मामलेदारची मिसळ खाऊन आलात तर उत्तम, फक्त मीडियमच्या वर जाऊ नका, घामेजलेल्या हाताने मायक्रोमीटर धरवत नाही.

आता दुपार. दुपारी दुसरे सर, हे सॉफ्टवेअरवाले, बोलायला गोड, पण शिकवायची रीत अशी की पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली की ऑपरेटर वेगळे, वर आली की ऑपरेटर सारखे, पुढची स्लाइड. स्लाइडवर हिरवा टिकमार्क सुद्धा होता. मला तिथे खटकलं, आणि नशिबाने त्याच वेळी वर्गातल्याच एका जोडीचा डेटा समोर आला, जेवणानंतर नवीन पिना वाटल्या होत्या आणि त्यांच्यावर रेघ मारलेली नव्हती, ज्याला जिथे वाटेल तिथे मोजलं. त्यांचे फरक: ९, उणे ८, ७, उणे ९, १०, उणे ७, उणे ६, ८, उणे ९, ६. बेरीज एक. सरासरी ०.१ मायक्रॉन. टी आला ०.०४ च्या आसपास, पी ०.९७. सर म्हणाले, "बघा, परफेक्ट मॅच, ह्या दोघांना खुशाल लाइनवर लावा."

अहो, कुठे मॅच? एकही पिन अशी नाही की जिच्यावर दोघांचं सहा मायक्रॉनच्या आत जमलं, आणि टॉलरन्स सगळा मिळून २० मायक्रॉनचा! ही तर तीच जोडी, जिच्यामुळे आमच्याकडे रोज संध्याकाळी शिफ्ट बदलताना भांडणं होतात. टेस्टने काही खोटं सांगितलेलं नाही, तिला विचारलं होतं की सरासरी फरक शून्यापासून लांब आहे का, तिने सांगितलं की असं म्हणायला पुरावा नाही. एकदा अधिक एकदा उणे, सरासरीत सगळं पुसलं गेलं. त्यात फरकांचा स्टँडर्ड डेव्हिएशन साडेआठच्या जवळ, म्हणजे खरा सरासरी फरक उणे ६ पासून अधिक ६ पर्यंत कुठेही असू शकतो, इतकी ढिली ती ‘मॅच’. आणि सकाळची ती जोडी, जिला ह्या हिशोबाने लाल फुली, ती उलट कामाची आहे, एकजण सातत्याने अडीचेक मायक्रॉन जास्त वाचतोय, म्हणजे बहुतेक रॅचेट (मायक्रोमीटरचा दाब सारखा ठेवणारी टोकाची कळ) न वापरता थिंबल (फिरवायची नळी) हाताने वळवायच्या कुणाच्या तरी सवयीचा मामला आहे नाहीतर झीरोचा, बसून दहा मिनिटात सुटतो. ज्यांच्यात फरक ‘सिद्ध’ झाला ते दुरुस्त होणारे, आणि ज्यांच्यात ‘नाही’ आला त्यांचा काही भरवसा नाही.

मी हात वर करून हे विचारलं. सर म्हणाले स्टॅटिस्टिकली नो डिफरन्स म्हणजे नो डिफरन्स. परत विचारलं तर टी-ब्रेक झाला. सकाळचे सर बाहेर चहाच्या टेबलापाशी भेटले, त्यांनी मात्र तिथल्या तिथे पेपर नॅपकिनवर काढून दिलं, आडव्या अक्षावर दोघांच्या मापाची सरासरी, उभ्यावर फरक, दहा टिंबं, मधे सरासरीची रेघ आणि वर-खाली १.९६ सिग्मावर (सिग्मा म्हणजे तोच फरकांचा स्टँडर्ड डेव्हिएशन) दोन रेघा. ही ब्लँड आणि ऑल्टमन ह्या दोघांची पद्धत, १९८६ ला लॅन्सेट ह्या मेडिकल जर्नलमधे आलेली, डॉक्टर लोक बीपी वगैरे मोजायच्या दोन पद्धती ताडायला सर्रास वापरतात. आमच्या दोन जोड्या त्यात घालून बघितल्या, सकाळची जोडी ०.१ ते ५.१ मायक्रॉनच्या पट्ट्यात, दुपारची उणे १६.४ ते अधिक १६.६. आता सांगा कुणाला लाइनवर लावाल. हा नॅपकिन खरं म्हणजे अख्ख्या दुपारची स्लाइड नंबर एक असायला हवी होती, तो चहाच्या टेबलावर मिळतो ही ह्या क्लासची गंमत म्हणा नाहीतर तक्रार म्हणा.

आणि ‘दोघं सारखे आहेत’ असं खरंच लिहून द्यायचं असेल ना कस्टमरला, तर त्याची वेगळी रीत आहे, इक्विव्हॅलन्स टेस्ट. आधी ठरवायचं किती फरक चालेल, आपण धरू २ मायक्रॉन, टॉलरन्सचा दहावा हिस्सा. मग सरासरी फरकाची ९० टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा सरासरी फरक ज्या पट्ट्यात असावा तो) काढायची आणि ती पूर्णच्या पूर्ण उणे २ ते अधिक २ मधे बसली तरच म्हणायचं सारखे. दुपारच्या जोडीची येते उणे ४.८ ते अधिक ५.०, सपशेल नापास. सकाळच्यांची १.९ ते ३.३, ते पण नापास, पण झीरो-रॅचेटचं निस्तरलं की पास व्हायला काही हरकत नाही. ह्यात पुरावा आणायची जबाबदारी ‘सारखे’ म्हणणाऱ्यावर येते, जी मुळात असायला पाहिजे. नाहीतर काय, पाच पिना मोजा, टेबलची हद्द २.७७६ पर्यंत चढते, काही सापडत नाही, हिरवा टिकमार्क! कमी मोजलं की पास, हे तर आमच्या लाइनवरच्या पोरांना न शिकवता येतं.

उलटं पण होतं बरं का, जोड्या शंभर घेतल्या आणि हात असाच स्थिर असला तर ०.३ मायक्रॉनचा फरक सुद्धा सिग्निफिकंट येईल, टी २.४ च्या आसपास, आणि आपला मायक्रोमीटर मुळात एक मायक्रॉनच्या खाली दाखवतच नाही. त्या ०.३ साठी कुणाला मेमो देऊ नका म्हणजे झालं.

टेम्प्लेटबद्दल वेगळं लिहिते, कारण बरेच लोक तेवढ्यासाठीच जातात. पेन ड्राइव्हवर एक एक्सेल देतात, कव्हर-शीट, लोगो, सह्यांचे चौकोन, दिसायला ऑडिटर खूश होईल असं. पण फॉर्म्युला उघडून बघा. टी-टेस्टच्या फंक्शनमधे शेवटचा आकडा असतो, १ म्हणजे पेअर्ड, २ आणि ३ म्हणजे जोडी नसलेल्या. माझ्या फाइलमधे २ होता. म्हणजे सकाळी भोपळा शिकवला आणि फाइलमधे कोथिंबीर. मी सांगितल्यावर काउंटरवरच्या मॅडमनी लिहून घेतलं, नवीन बॅचला दुरुस्त झालंय की नाही बघा आणि इथे कळवा. शिवाय ते फंक्शन फक्त पी देतं, टी नाही, सरासरी फरक नाही, कोण जास्त वाचतोय ते पण नाही. फरकांचा एक कॉलम काढून त्याचा अॅव्हरेज आणि स्टँडर्ड डेव्हिएशन स्वतः काढलेलं बरं, लिब्रे-ऑफिसमधे पण फुकटात होतं.

अजून दोन-तीन गोष्टी ज्या घाईघाईत उरकल्या. एकाच पिनेची तीन-तीन रीडिंग घेतली तर त्यांची सरासरी काढून एक जोडी धरायची, पाच पिनांच्या पंधरा जोड्या करायच्या नाहीत, वर्गातल्या निम्म्या लोकांनी तेच केलं आणि कोणी टोकलं नाही. नॉर्मल डिस्ट्रिब्युशन बघायचं ते फरकांचं, मूळ मापांचं नाही, त्यामुळे चांगल्या-रिजेक्ट पिना मिसळल्या म्हणून काही बिघडत नाही. फरकांत एखादा अगदीच वेडावाकडा असला तर विल्कॉक्सनची साइन्ड-रँक टेस्ट आहे (फरकांऐवजी त्यांचे क्रमांक बघणारी), पण ०.०२ एमएमच्या व्हर्निअरने मोजून हे करू नका, निम्मे फरक शून्य येतात आणि नेहमीच्या रीतीने शून्यं गाळली की हातात उरतं काय? आणि ऑपरेटर तीन असले तर तीन वेगवेगळ्या जोड-टेस्ट लावत बसायचं नाही, प्रत्येकीत पाच टक्के खोट्या अलार्मची शक्यता, तिन्ही मिळून १४-१५ टक्क्यांपर्यंत जाते, तिथे जीआरआरचा अनोव्हाच (सगळ्यांची एकत्र तुलना करणारी टेस्ट) बरा.

फीबद्दल: कंपनी भरत असेल तर डोळे मिटून जा, स्वतःच्या खिशातून भरणार असाल तर विचारा की फक्त पहिला अर्धा दिवस मिळेल का, एका मुलीला दिला होता म्हणे. सर्टिफिकेट जाड कागदावर आहे, स्पेलिंग तपासून घ्या. ठाणे स्टेशनवरून शेअर रिक्षा मिळते, आमच्या बाजूने येणाऱ्यांनी ट्रान्स-हार्बरने ठाण्यापर्यंत या, तीन हात नाक्याचं ट्रॅफिक आणि पार्किंगची मारामारी बघता गाडी आणायच्या फंदात पडू नका.

आणि जाताना तुमच्या स्वतःच्या लाइनवरच्या दहा पिना नक्की घेऊन जा, ज्या ट्रेवरून भांडण होतं त्यातल्याच. परवानगी देतात, फक्त आल्या आल्या लॅबमधे ठेवायला सांगतात म्हणजे टेंपरेचरला येतात. सोबत ते दोन भांडणारे ऑपरेटर पण नेता आले तर अजून छान, दोघांची फी थोडी कमी करून घ्या, मागितली तर करतात.